सुई

अब्बांची पेटी उघडली की
आधी जिऱ्याचा वास येतो, मग जगाचा.
एकेचाळीस पोस्टकार्डं, एकावरही तिकीट नाही.
"पाठवून काय करू? कार्डाच्या आधी मीच पोचायचो."
शमशुद्दीन फणसोपकर, जहाजावर भंडारी,
छत्तीस वर्षं बावीस माणसांचा रस्सा.

टेबल माउंटन. माथ्यावर ढग, खाली शहर.
"आपला सडाच तो, फक्त कुणीतरी उचलून उंच ठेवलेला."
मॅगेलनची सामुद्रधुनी. निळ्या बर्फाचा कडा सुटला
तेव्हा ते कांदा चिरत होते.
आवाज मागून आला, डोळ्यांत पाणी आधीच होतं.
आणि नॉर्वेच्या वर कुठेतरी, मध्यरात्री,
आकाश हिरवं होऊन हललं,
वाळत घातलेलं जाळं वाऱ्यानं हलावं तसं,
आणि डाळ लागली.
कॅप्टनला लागलेली डाळ कळली.
आकाश झोपेत गेलं त्याच्या.

अम्मीला हे सगळं तोंडपाठ.
ती एकच विचारायची,
"उतरलात का तिथं?"
अब्बा पेटी बंद करायचे.

मालवाहू जहाज काय गावात जातं?
ते लागतं तेलाच्या धक्क्याला, क्रेनच्या सावलीत,
शहर तिथून दिव्यांपुरतं.
भटारखान्याची खिडकी गोल, वीतभर, चार बोल्टांची.
त्या मापाचं जग.

आता गुडघे गेलेत. जैतापूरच्या जेटीवर बसतात,
खाडीतल्या होड्यांना नावानिशी ओळखतात,
कुणी कुठे निघालं की विचारत नाहीत.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी
मी त्यांना स्कूटरवर मागं बसवलं.
देवाचं गोठणं, वरचा सडा.
गवत पिवळं पडलेलं, जांभा तापलेला,
आणि कातळात कोरलेला माणूस, उताणा,
आपल्यापेक्षा लांब, नाव नसलेला.
कुणी कोरला, कधी, कुणालाच सांगता येत नाही.
त्याच्यावर शेळीच्या लेंड्या होत्या. मी फुंकून काढल्या.

अब्बांनी खिशातून कंपास काढला,
अँटवर्पच्या भंगारवाल्याकडून
एका लोणच्याच्या बाटलीवर मिळवलेला, पितळी.
उभ्या आयुष्यात कधी लागला नाही.
भंडाऱ्याला उत्तर कशाला हवी? चूल आहे तिथे आहे.
त्यांनी तो त्या माणसाच्या पोटावर ठेवला.

सुई थरथरली.
मग सावकाश, जणू कुणी मागून हाक मारली,
उत्तरेकडे पाठ करून वळली.

उचलला, बाजूला धरला: शहाणी.
परत ठेवला: परत वेडी.
"अगो, ही फिरली!" अब्बा ओरडले,
आणि मग हसले, असे हसले
की पलीकडे शेळ्या राखणारा सोमा जवळ आला,
एकदा कंपासकडे, एकदा अब्बांकडे बघून म्हणाला,
"हितं उत्तर चालत न्हाय, चाचा."
आणि विडी मागितली.

चपला काढून ठेवल्या होत्या अब्बांनी,
हे मला नंतर दिसलं.
मशिदीत काढतात तशा नव्हेत, घाईत,
एक उलटी पडलेली.
तापल्या दगडावर अनवाणी उभे होते
आणि पाय उचलत नव्हते.

खाली उतरल्यावर त्यांना इथलं पोस्टकार्ड हवं होतं.
टपरीवर चहा होता, कुरकुरे होते,
रिचार्ज होता.
मग घरी येऊन टेबल माउंटनची पाठ घेतली,
बॉलपेननं एक उताणा माणूस काढला,
स्वतःचाच पत्ता, पिनकोडसकट,
आणि मला ते राजापूरच्या पेटीत टाकायला लावलं.

नऊ दिवस लागले.
पोस्टमन दारातच वाचत उभा होता, हसत:

"सुखरूप पोचलो. उतरलो.
जमीन जागेवर आहे, सुई नाही.
अम्मीला सांगणे."

अम्मीला जाऊन सहा वर्षं झाली.
मी ते कार्ड घेतलं,
आणि जेटीवरून त्यांना जेवायला हाक मारली.